“पैसा नाही” हे उत्तर कुठे चालतं आणि कुठे नाही

इंदूरच्या सुदामानगरमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलंय, ते थोडक्यात असं: रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली ती परत आलीच नाही. यजमानांच्या केंद्र सरकारी पेन्शनवरचा दीड वर्षाचा महागाई भत्ता बुडाला. मागच्या वस्तीतली प्राथमिक शाळा पटसंख्या कमी म्हणून दुसऱ्या शाळेत विलीन केली. आणि घरी पोळ्या करायला येणाऱ्या आजींची सहाशे रुपयांची वृद्धावस्था पेन्शन काही महिने झाले, येत नाही. सगळीकडे एकच ऐकायला मिळतं, सरकारकडे पैसा नाही. ह्याला मानवाधिकारांचं उल्लंघन म्हणायचं का, आणि म्हणायचं तर दाद कुठे मागायची?

ताई, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात वकिली करण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी पेन्शन आणि सरकारी नोकरीच्या प्रकरणांत. तुमच्या चारही तक्रारी खऱ्या आहेत, पण एका पिशवीत घालून न्यायाधीशापुढे ठेवल्या तर पहिल्या दोन उरलेल्या दोघींना बुडवतील. म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

रेल्वेची सवलत २० मार्च २०२० ला बंद झाली. त्याआधी साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढच्या बायकांना ५० टक्के सूट होती. इंदूर-पुण्याच्या गाडीत निम्मा डबा लेकीकडे, मुलाकडे निघालेल्या म्हाताऱ्यांचा असतो, तेव्हा आपल्या लोकांना हे किती टोचलं ते मला ठाऊक आहे. माझ्याही घरात टोचलं. पण सवलत म्हणजे सरकारने आपण होऊन सोडलेले पैसे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ही याचिका गेली आणि हा धोरणाचा प्रश्न आहे असं म्हणून फेटाळली गेली. त्यात पडू नका. खासदाराला पत्र लिहा, ती त्याची जागा आहे.

महागाई भत्त्याचं जरा वेगळं. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते केंद्राने गोठवले. जुलै २०२१ पासून दर १७ वरून एकदम २८ टक्के केला, पण मधल्या काळाची थकबाकी दिली नाही. त्यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचले असं सरकारने संसदेत सांगितलंय. इथे अडचण अशी की वाढीव दर त्या अठरा महिन्यांसाठी मंजूरच झाला नव्हता. ह्याच्या शेजारी आंध्रचं प्रकरण ठेवून बघा. तिथल्या सरकारने मार्च-एप्रिल २०२० चा पगार आणि पेन्शन काही प्रमाणात रोखून धरली, कारण हेच, तिजोरीत पैसा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोखलेली रक्कम सहा टक्के व्याजासह द्यायला लावली. कमावलेला पगार आणि ठरलेली पेन्शन हा हक्क, पुढची वाढ ही अपेक्षा. पेन्शन ही बक्षिसी नव्हे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नकारा प्रकरणात १७ डिसेंबर १९८२ लाच ठरलंय. त्याच तारखेला पेन्शनर मंडळी आपला दिवस साजरा करतात. तुमच्या यजमानांची मूळ पेन्शन एका महिन्यानेही अडली असती तर मी आजच कागद तयार केले असते. भत्त्यासाठी नाही करणार.

आता शाळा आणि आजी. इथे “पैसा नाही” ह्या उत्तराला कायद्यात किती वजन आहे ते बघावं लागतं, आणि ते शून्य नाही. घटनेचं कलम ४१ म्हातारपणी, आजारपणी सरकारी मदतीचं बोलतं, पण तिथेच “आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत” अशी अट घातलेली आहे. भारत १९७९ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा १९६६ चा करार, त्यातही उपलब्ध साधनं जास्तीत जास्त वापरून हळूहळू हक्क पूर्ण करा असंच म्हटलंय. सरकारी वकील हे दोन्ही आधार हमखास काढतो आणि ते खोटे नसतात. १९९८ मध्ये पंजाब सरकारने कर्मचाऱ्यांच्या औषधोपचाराच्या परताव्यावर मर्यादा घातली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. कुठल्याच राज्याकडे अमर्याद पैसा नसतो, हे तिथे स्पष्ट म्हटलंय. तेव्हा प्रत्येक कपात म्हणजे अन्याय, असं गृहीत धरून कोर्टात गेलात तर पहिल्याच तारखेला तोंडघशी पडाल.

पण त्याच करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने मे २०१२ मध्ये, युरोपात कपातीचा धडाका चालू असताना, सगळ्या सदस्य देशांना एक पत्र पाठवलं. त्यातल्या कसोट्या मी गेली कित्येक वर्षं इथल्या प्रकरणांत वापरतोय. कपात तात्पुरती हवी. ती टाळता येण्यासारखी नव्हती हे दिसायला हवं. तिचा भार आधीच खाली असलेल्यांवर जास्त पडता कामा नये. आणि जगायला लागणारा किमान गाभा, म्हणजे अन्न, प्राथमिक आरोग्य, प्राथमिक शिक्षण, किमान सामाजिक सुरक्षा, ह्याला हात लागता कामा नये. पत्र काही कायदा नाही, त्यावर आदेश मिळत नाही. पण न्यायाधीशापुढे सरकारला नेमका प्रश्न विचारायला त्याचा फार उपयोग होतो.

कसोट्या कोर्टात लागू कशा होतात ह्याचा सगळ्यांत स्वच्छ नमुना लाटवियाचा. २००८ च्या मंदीत तो देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात गेला आणि जुलै २००९ पासून म्हाताऱ्यांच्या पेन्शनमधून दहा टक्के, पेन्शन घेऊन नोकरीही करणाऱ्यांच्या पेन्शनमधून तब्बल सत्तर टक्के कापायला लागला. सरकारचं म्हणणं, कर्ज देणाऱ्यांची अट आहे. तिथल्या घटना न्यायालयाने २१ डिसेंबर २००९ ला कपात रद्द केली. सावकाराशी झालेला करार घटनेच्या वर बसू शकत नाही, आणि ह्यापेक्षा सौम्य दुसरे मार्ग तपासले होते का, ह्याचं उत्तर सरकारकडे नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. कापलेले पैसे परत द्यावे लागले. उलट ग्रीसमध्ये पगार कापला गेलेली, सरकारी नोकरीतली एक वकीलच युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये हरली; संकट खरं आहे, तिच्याकडे जगण्यापुरतं उरलंय, असं न्यायालयाला वाटलं. दोन्ही निकाल मला पटतात. संसदेने कायदा करून, आकडे मांडून, उघडपणे केलेल्या कपातीचे हे निकाल आहेत. तिथे निदान आव्हान देता येईल असा कागद तरी होता.

आपल्याकडे इतकं लांब जायचीही गरज नाही. रतलाम इंदूरहून किती, अडीच-तीन तास. तिथल्या न्यू रोडवरच्या रहिवाशांनी सत्तरच्या दशकात दंडाधिकाऱ्याकडे तक्रार केली होती: उघडी गटारं, दारूच्या कारखान्याचं घाण पाणी, शौचालयं नाहीत म्हणून लोक रस्त्याकडेला बसतात. नगरपालिका म्हणाली, कबूल आहे, पण पैसा नाही. प्रकरण पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २९ जुलै १९८० ला न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला की सार्वजनिक आरोग्य राखण्यासाठीच जन्माला घातलेली संस्था पैसे नाहीत म्हणून कर्तव्यातून पळू शकत नाही. माणसाची अब्रू आणि स्वच्छता ह्यांचा तिजोरीवर पहिला हक्क आहे. वकील मंडळी हा निकाल एवढाच सांगतात. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. न्यायालयाने नगरपालिकेला जमणार नाही असा महाल बांधायला सांगितलं नाही. वेगवेगळ्या खर्चाच्या योजना समोर ठेवून त्यातली झेपण्यासारखी निवडली आणि मुदत घालून दिली. म्हणजे पैसा कमी आहे हे मानलं, पण मग कमी पैशात काय करणार ते कागदावर दाखव, असं पालिकेला बजावलं.

तोच धागा १९९६ मध्ये बंगालच्या खेतमजूर समितीच्या प्रकरणात दिसतो. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं होतं. न्यायालयाने पंचवीस हजार रुपये भरपाई दिली आणि पैशाची चणचण हे तातडीचे उपचार नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही असं सांगितलं. आणि आपल्याच इंदूर खंडपीठाने २०१२ मध्ये, संदेश बन्सल यांच्या याचिकेवर, बाळंतपणातून बाई जिवंत बाहेर येणं हा तिचा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याचा, हक्क आहे असं ठरवलं. आरोग्य केंद्रात डॉक्टर नाहीत, वीज-पाणी नाही, अशी ती तक्रार होती. इंदूरच्या मराठी घरांत हा निकाल फारसा कुणाला माहीत नाही, ह्याचं मला वाईट वाटतं.

आता थोडं विषयांतर, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. सरकारी इस्पितळात रोग्याकडून शुल्क घेऊन इस्पितळ चालवायची कल्पना देशभर गेली ती आपल्या एमवायमधून, म्हणजे इंदूरच्या महाराजा यशवंतराव इस्पितळातून. सुरतच्या प्लेगनंतर, १९९४-९५ च्या सुमाराला, एमवाय इस्पितळ रिकामं करून धुतलं, उंदीर मारले, आणि मग ते चालवायला रोगी कल्याण समिती आली. मी तेव्हा नवा वकील होतो आणि शहरात सगळीकडे त्या उंदरांचीच चर्चा होती. समितीने पर्चीचे, तपासण्यांचे पैसे घ्यायला सुरुवात केली, ते पैसे वरच्या तिजोरीत न जाता तिथेच खर्च व्हायचे, आणि इस्पितळ खरोखर सुधारलं. हे मी नाकारणार नाही. ज्यांनी त्याआधीचे वॉर्ड पाहिलेत ते कुणीच नाकारणार नाहीत. गरिबी रेषेखालच्यांना माफी होती. पण माफी हवी तर गरिबी सिद्ध करायची, म्हणजे कार्ड दाखवायचं. ज्याच्याकडे कार्ड नाही तो खिडकीशी गरीब ठरत नाही. तोपर्यंत आजारी असणं पुरेसं होतं, आता आजारी आणि कागदोपत्री गरीब असं दोन्ही असावं लागलं. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने हाच नमुना देशभर नेला. कुणी कपात असं नाव दिलं नाही, अंदाजपत्रकात तशी ओळ नव्हती.

आपल्याकडची कपात बहुतेक वेळा अशीच येते, आणि ह्या उत्तरात मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. ग्रीसमध्ये पगार कापल्याचा कायदा होतो. इथे पदं रिकामी ठेवतात आणि अतिथी शिक्षक लावतात. राज्याचं रोडवेज २००५ मध्ये बंद करायचं ठरलं, तेव्हा तोटा थांबला म्हणून टाळ्या पडल्या. देपालपूरकडच्या मुलींचं कॉलेज खाजगी बसवाल्याच्या मर्जीवर गेलं, ते कुठल्याच हिशेबात नाही. आणि रक्कम तीच ठेवतात. तुमच्या आजी ऐंशीच्या आतल्या असतील तर त्यांच्या सहाशेत केंद्राचा वाटा दोनशे रुपये. २००७ मध्येही तो दोनशेच होता. तेव्हा दोनशेत काय काय यायचं आणि आता पोह्यांबरोबर जिलबी किती दिवस येईल, हा हिशेब तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हीच करा. एक पैसा न कापता पेन्शन कितीतरी कापली गेली आणि आव्हान द्यायला आदेशच नाही.

अशा न दिसणाऱ्या कपातीचा आणखी एक प्रकार म्हणजे यादीतून नाव गळणं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे रामबागेतल्या एक आजी आल्या होत्या. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडली, नंतर तो गेला. त्या चार घरची भांडी करायच्या. पेन्शन चौदा महिने बंद होती. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, त्याला रबर बँड. कारण शोधायला मला दोन आठवडे लागले. आधारवर त्यांचं नाव आपल्या पद्धतीने होतं, स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. समग्र आयडीत, म्हणजे मध्यप्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीच्या ओळखपत्रात, इथल्या कुणी बाबूने नुसतं पहिलं नाव आणि पुढे “बाई” लिहिलं होतं. केवायसी झाली, दोन नावं जुळली नाहीत, नाव बाजूला पडलं. नोटीस नाही, फोन नाही. महाराष्ट्रात हे झालं नसतं असं नाही, पण मध्यप्रदेशातल्या मराठी बाईला ही ठेच जास्त लागते, तेव्हा तुमच्या आजींचे दोन्ही कागद आधी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा.

त्या आजींना कार्यालयात सांगितलं गेलं, “माताजी, अगले महीने से चालू हो जाएगी, पिछला भूल जाओ, बजट नहीं है.” इथे मी थांबलो. पेन्शन बंद केल्याचा लेखी आदेश माहितीच्या अधिकारात मागितला. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. उत्तर आलं की असा आदेश अभिलेखात उपलब्ध नाही. मला तेच हवं होतं. आदेशच नाही, तर पेन्शन कायद्याने कधी बंद झालीच नाही, म्हणजे चौदा महिन्यांचे ८,४०० रुपये हे सरकारने वाचवलेले नाहीत, सरकारकडे अडकलेले आहेत. मेनका गांधी प्रकरणापासून, म्हणजे १९७८ पासून, हे पक्कं आहे की माणसाचं म्हणणं ऐकून न घेता त्याच्या जगण्याला धक्का लावणारी कार्यपद्धती न्याय्य ठरत नाही. मी एवढंच लिहून नोटीस पाठवली. उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागली नाही. नऊ महिन्यांचे पैसे आले, पाच महिन्यांचे राहिले, आणि आजी म्हणाल्या, पुरे आता, तुमच्या पायऱ्या चढवत नाहीत. मी ते सोडलं. आजही वाटतं, सोडायला नको होतं.

तुमच्या आजींसाठी हाच क्रम धरा. आधी लेखी अर्ज आणि त्याची पावती. तोंडी बोलण्याला इथे काही अर्थ नाही. १८१ ह्या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार जरूर करा, पण ती “फोर्स क्लोज” झाली, म्हणजे तुमचं समाधान न होताच बंद केली गेली, तर दचकू नका, बंद केल्याचा तो संदेश जपून ठेवा, पुढे तोच पुरावा होतो. लोकसेवा हमीचा कायदा आपल्या राज्याने २०१० मध्ये देशात सर्वांत आधी केला; त्यात मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला रोज अडीचशे, कमाल पाच हजार दंड आहे. नवीन मंजुरीसाठी अर्ज करायला सांगितलं तर लोकसेवा केंद्रातूनच करा, पण जुनी पेन्शन सोडल्याचं कशावरही लिहून देऊ नका. आणि माहितीच्या अर्जात “पेन्शन का बंद झाली” असं विचारू नका, “का” ला ते उत्तर देत नाहीत. “बंद केल्याच्या आदेशाची आणि त्याआधी दिलेल्या नोटिशीची प्रत द्या” असं मागा.

मानवाधिकार आयोगाचं तुम्ही विचारलंत. भोपाळच्या राज्य आयोगाकडे जाता येतं, घटना घडल्यापासून एका वर्षाच्या आत. पण १९९३ चा कायदा वाचलात तर दिसेल की आयोग शिफारस करतो, हुकूम सोडत नाही. पत्र गेलं की फाइल हलते, हा त्याचा खरा उपयोग. हुकूम हवा असेल तर खंडपीठ. तिथे वकिलाचा खर्च हा अडथळा समजू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आजींना दाखला काढत बसावा लागणार नाही.

शाळेचं काम ह्याहून किचकट आहे आणि ते तुमच्या एकटीचं नाही, पालकांचं आहे. विलीनीकरण आपोआप बेकायदा ठरत नाही; पंधरा मुलं आणि एक शिक्षक अशा शाळेपेक्षा मोठी शाळा बरी, हा युक्तिवाद मला अगदीच फोल वाटत नाही. पण शिक्षणाच्या हक्काच्या २०१० च्या केंद्रीय नमुना नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी असं आहे, आणि प्राथमिक शिक्षण हा किमान गाभ्यातला भाग आहे. तेव्हा राज्याचा विलीनीकरणाचा आदेश मिळवा, त्यात अंतर किती दाखवलंय ते बघा, आणि मग मुलं ज्या रस्त्याने खरंच जातात त्या रस्त्याने मोजा. मध्ये रिंग रोड ओलांडावा लागतो का, नाला आहे का, पावसाळ्यात तो कसा असतो, ह्याचे फोटो तारखेसह. विलीन झाल्यानंतर किती मुलांनी शाळा सोडली, त्यात मुली किती, ही यादी वस्तीतली माणसंच करू शकतात, आणि ती यादी सगळ्या निकालांपेक्षा जास्त काम करते. कपातीचा भार कुणावर पडला ते त्यात नावानिशी दिसतं. मुलांची नावं कोर्टात देताना आद्याक्षरं पुरतात.

तीन-चार पालक सह्या करायला तयार झाले की मला सांगा. आजींचे कागद मात्र त्यासाठी थांबवू नका. पासबुकची पहिली आणि शेवटची नोंद असलेली पानं, आधार, समग्रची प्रत, एवढं तुम्हीच घेऊन या. त्यांना आणू नका. ऑफिस अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे.